घट्ट झाकणाचा गडगड्या

मी एक जुना गडगड्या आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने भित्रा आहे. यंत्राला कसली आली आहे भीती, असं तुम्ही म्हणाल. पण माझी हकिकत ऐका, म्हणजे तुमच्याही पोटात गोळा येईल.

गडगड्या म्हणजे दगड घोटणारं यंत्र. गोल डब्यात ओबडधोबड दगड, थोडं पाणी आणि खरखरीत पूड घालायची, झाकण लावायचं, डबा आडवा ठेवायचा आणि फिरवत राहायचं. दगडावर दगड घासतो, कोपरे झिजतात आणि पुष्कळ दिवसांनी आतून गुळगुळीत, चकचकीत खडे निघतात. माझे नटवे भाऊबंद दुकानात मिळतात म्हणे. मी दुकानातला नव्हे, घरचा.

मला एका नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने आपल्या मुलीसाठी बनवलं. मुलीला सगळे गोटी म्हणत. रस्त्याने चालताना तिची नजर कायम खाली. घरी आली की तिच्या खिशांतून, दप्तरातून, अगदी मोज्यांतूनसुद्धा दगड निघायचे. तिची आई पडदे शिवायची. शिवता शिवता ती म्हणायची, "हिला साबण आणायला पाठवावं, तर ही अर्धा डोंगर घेऊन येते."

माझं पोट म्हणजे कामावरून उरलेल्या जाड प्लॅस्टिक पाइपचा वीतभर तुकडा. त्याचं मागचं तोंड कायमचं बंद, पुढच्या तोंडावर जाड रबरी झाकण आणि त्याच्याभोवती पेचकसाने आवळलेली पत्र्याची क्लिप. हे पोट ज्या दोन दांड्यांवर लोळतं, त्या पडद्याच्या. डबा घसरू नये म्हणून त्यांच्यावर झाडांना पाणी घालायच्या नळीचे तुकडे चढवलेले. दांड्या फिरतात त्या मोडक्या स्केटच्या बेअरिंगवर. पट्टा सायकलच्या ट्यूबमधून कापलेला, चौकट जुन्या कपाटाच्या फळ्यांची, आणि मोटर भंगारात निघालेल्या ट्रकच्या वायपरची. म्हणजे माझा एकूण एक अवयव कधी ना कधी कोणीतरी टाकून दिलेला. मग पुन्हा टाकलं जाण्याची धास्ती मला पहिल्याच दिवसापासून असली, तर त्यात नवल ते काय?

ही धास्ती खरी व्हायला वेळ लागला नाही. मला पहिल्यांदा सुरू केलं, आणि जरा वेळाने माझ्या झाकणाच्या कडेने राखाडी पाणी ठिबकू लागलं. ते ओघळत ओघळत आईने शिवायला घेतलेल्या कोऱ्या कापडापर्यंत गेलं.

"अहो, हे बघा!" आई कापड उचलत म्हणाली. "नळवाल्याच्या घरात गळती! चार लोकांना कळलं तर कामं मिळायची बंद होतील."

ती हसतच म्हणाली होती. पण बाबांना ते लागलं. गळती हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. दुसऱ्यांच्या घरची गळती बंद करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी माझं झाकण काढलं, कडा घासून साफ केली, झाकण पुन्हा बसवलं आणि त्यावर एकाऐवजी दोन क्लिपा दात-ओठ खाऊन आवळल्या. त्यानंतर माझ्यातून थेंबभर पाणीसुद्धा बाहेर पडलं नाही. बाबा कोरडा कागद माझ्याखाली ठेवायचे, संध्याकाळी काढून सगळ्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "आहे का कुठे डाग? शोधून दाखवा!" शेजारचे लोक बघायला यायचे. कौतुक व्हायचं ते दगडांच्या चकाकीपेक्षा या कोरड्या कागदाचंच जास्त. मीसुद्धा फुशारून जायचो. घट्ट राहिलो म्हणजे आपल्याला कोणी टाकणार नाही, अशी माझी समजूत झाली होती. बाबा चाचणी म्हणून मला दगड न बदलता दिवसचे दिवस चालवायचे आणि मधे झाकण उघडायचेसुद्धा नाहीत. उघडलं की पुन्हा आवळावं लागायचं ना!

गोटीला मात्र त्या कागदाशी काही देणं-घेणं नव्हतं. शाळेतून आली की ती माझ्याशेजारी जमिनीवर आडवी व्हायची आणि माझ्या झाकणासमोरच्या फळीला कान लावायची. माझ्या पोटातली घरघर त्या फळीतून तिच्या कानात उतरायची. "आज मोठा दगड वरून खाली पडतोय," असं ती हळूच सांगायची, आणि ते अगदी बरोबर असायचं.

मित्रांनो, त्याच दिवसांत माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. गोटी नेहमी डावाच कान लावायची. माझी चौकट कधी उलटी ठेवलेली असली, तर तीही उलट बाजूला जाऊन झोपायची, पण कान डावाच. आणि तिचा डावा कान फळीला टेकलेला असला की मागून कोणी कितीही हाका मारल्या तरी ती हलायची नाही. तिला उजव्या कानाने ऐकू येतच नव्हतं! तिला स्वतःलाही ते नीट कळलं नव्हतं. सगळ्यांचंच असं असतं, असं तिला वाटत असावं.

बाबा दारातून ओरडायचे, "गोटे, जेवायला चल!" ती गप्प. मग आणखी मोठ्याने, "गोटे!" आणि मग आईकडे वळून, "लक्ष नसतं कार्टीचं. दगडांतच जीव अडकलेला."

"मला वाटतं एकदा कान दाखवावा तिचा," आई एकदा म्हणाली होती.

"कान चांगले आहेत. त्या डब्यातला वाळूचा कण ऐकू येतो तिला. लक्ष नाही, लक्ष!"

मला सारखं वाटायचं की ओरडून सांगावं. पण माझ्याजवळ घरघर सोडून दुसरा आवाज नव्हता. या मुलीचा एकच कान चालू आहे आणि तो ती रोज माझ्या तोंडाशी आणून ठेवते, या विचाराने मी आतून लटपटायचो. पट्टा तुटून तिला लागला तर? मोटर तापून पेटली तर? पण खरी भीती कुठून येणार होती, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ती आली आईच्या कपाटातून. कपाटाच्या खणांना अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या मुठी होत्या, हात लागून लागून काळ्या पडलेल्या. "दगड चमकवता तर यांनाही घ्या की चमकवून," आई म्हणाली. बाबांना गंमत वाटली. त्यांनी मुठी काढून माझ्या पोटात टाकल्या, वर थोडे दगड घातले आणि मुठींचं तेलकटपण निघावं म्हणून मूठभर धुण्याचा सोडा घातला. गरम पाणी ओतलं. दोन्ही क्लिपा आवळल्या आणि ते कामाला निघून गेले.

सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं पाण्यात पटत नाही, मित्रांनो. एकत्र आले की ते फसफसतात आणि त्यातून वायू सुटतो. बाबांचा सगळा जन्म पाइप आणि तोट्यांत गेलेला. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मला आधी नुसत्या गुदगुल्या झाल्या. मग पोट जड वाटू लागलं. वायू वाढत होता आणि त्याला बाहेर पडायला केसाएवढी फट नव्हती. पूर्वीचा मी असतो, तर कडेने फुस्स करून मोकळा झालो असतो. पण आता मी घट्ट होतो. सगळ्यांनी वाखाणलेला, थेंबही न सांडणारा! माझं रबरी झाकण पुरीसारखं फुगू लागलं. क्लिपांचे स्क्रू कुरकुरू लागले. मला उमगलं की आता मी फुटणार.

आणि त्याच वेळी गोटी शाळेतून आली.

तिने दप्तर टाकलं आणि नेहमीच्या जागी आडवी झाली. आई आतल्या खोलीत मशीनवर पडदे शिवत होती. माझं फुगलेलं झाकण फळीला घासू लागलं होतं आणि त्यातून कुईं कुईं असा आवाज निघत होता. जा, जा, असंच मी म्हणत होतो. पण गोटीला तो आवाज नवा होता. तिचे डोळे चमकले. "आज काय बोलतोयस तू?" म्हणत ती आणखी जवळ सरकली. मी जितका ओरडत होतो, तितकी ती पुढे येत होती. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही.

शेवटी झाकण फळीत रुतलं. पट्टा घसरला. डबा थांबला. मला वाटलं, सुटलो, आता आवाज नाही म्हणजे ही कंटाळून उठेल. ती उठली खरी, पण मोटरचं बटण बंद करायला. शहाणी मुलगी! आधी बटण, मग हात, असं बाबांनी शिकवलं होतं, आणि तिने तसंच केलं. मग तिने माझं पोट दांड्यांवरून उचललं, मांडीवर घेतलं आणि डावा कान सरळ त्या फुगलेल्या झाकणाला लावला.

आतून फसफस ऐकू येत होती. ती हसत होती.

दार वाजलं. बाबा आले होते. त्यांची नजर झाकणावर गेली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दाब म्हणजे काय, हे नळवाल्याला सांगावं लागत नाही.

"गोटे! ठेव ते खाली!"

दार तिच्या उजव्या बाजूला होतं. तिची मानही हलली नाही.

"गोटेऽ! फेक ते! फेक!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. आतल्या खोलीतली मशीन थांबली. खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. सगळ्यांना ऐकू गेलं. फक्त जिला हाक मारली होती, ती तशीच हसत बसून राहिली.

तेव्हा बाबांना कळलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, म्हणून सांगतो. त्यांचं ओरडणं मधेच तुटलं. हातातली हत्यारांची पिशवी खाली पडली. दोन उड्यांत ते आमच्यापाशी आले, त्यांनी मला तिच्या कानापासून हिसकावलं, तिच्याकडे पाठ केली आणि माझं तोंड कोपऱ्यातल्या भिंतीकडे वळवलं. त्याच क्षणी मी फुटलो.

झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं आणि भिंतीचा पोपडा उडाला. एक क्लिप बाबांचा तळहात कापून गेली. राखाडी चिखल छतापर्यंत उडाला. खणांच्या मुठी खणखणत खोलीभर पळाल्या. आई दारात येऊन उभी राहिली.

गोटी रडू लागली होती. भीतीने नव्हे, रागाने. "बाबा, ओढलंत कशाला? मागितलं असतं तर मी दिलं असतं की!"

बाबा चिखलातच खाली बसले. "मी हाक मारली, बाळा. किती ओरडलो."

"कधी?" गोटी म्हणाली. "मला नाही ऐकू आली."

बाबांनी आपला रक्ताळलेला हात मांडीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने तिच्या उजव्या कानाशी चुटकी वाजवली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा वाजवली. मग ते हमसून हमसून रडले. आईने त्यांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. फक्त कापड आणून त्यांचा हात बांधला.

दुसऱ्याच दिवशी गोटीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजव्या कानाने फारसं ऐकू येणार नाही, डावा उत्तम आहे, त्याला जिवापाड जपा, असं त्या म्हणाल्या. जो कान जपायचा होता, तो माझ्या फुगलेल्या तोंडालाच टेकला होता हे आठवलं की आजही माझी बेअरिंगं थरथरतात.

आता तुम्हाला वाटेल, मला भंगारात दिलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं, आणि या खेपेला तो न्यायच झाला असता. पण गोटी अडून बसली. मग बाबांनी मला नवं झाकण दिलं आणि त्याच्यावर एकच क्लिप, तीही बेताने आवळलेली. रोज सकाळी मला थांबवायचं, झाकण उघडायचं, मग पुढचं काम, असा नियम झाला. धातू माझ्या पोटात पुन्हा कधी गेला नाही. उघडताना थोडी हवा फुस्स करून बाहेर पडायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मी स्वतःच भांडं, पण पडायचा खरा! कधी कधी मी जरा गळायचो. बाबा माझ्याखाली वाटी सरकवायचे आणि पुढे जायचे. त्या कोरड्या कागदाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे गोटी मोठी झाली, शिकायला दूर गेली. माझा पट्टा सुकून तुटला, मोटर गंजली. हल्ली मी कपाटावर पडून असतो, धूळ खात. कोणी कपाट आवरायला घेतलं की मला कापरं भरतं. तरी माझी तक्रार नाही. सुट्टीत गोटी घरी येते, तेव्हा मी वरून बघतो. खिडकीशी ती वाचत बसलेली असते. बाबा आता म्हातारे झाले आहेत, गुडघे दुखतात त्यांचे. पण ते दारातून हाक मारत नाहीत. हळूहळू चालत खोली ओलांडतात, तिच्या डाव्या बाजूला येतात, खांद्यावर हात ठेवतात, आणि मग म्हणतात, "चल, जेवायला."

म्हणून मित्रांनो, या भित्र्या गडगड्याचं एवढं ऐका. घरी माझ्यासारखं काही बनवलंत, तर त्याचं झाकण रोज उघडा आणि थोडं गळलं तर गळू द्या. आणि तुमच्या हाकेला कोणी ओ दिली नाही, तर दुसरी हाक आणखी मोठ्याने मारू नका. उठा आणि त्याच्याजवळ जा.