तक्रारीची खिडकी

चूक माझीच. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची सोय नाही.

आमची पाणीपुरवठ्याची जुनी कचेरी भर पेठेत होती आणि तिथल्या तक्रारीच्या खिडकीवर मी एकवीस वर्षं बसले. दहा वाजले की खिडकीत मुंडकी. "बाई, चार दिस झालं, नळाला टिपूस न्हाय!" हे इतक्या मोठ्यानं, जणू पाणी मीच पदराखाली दडवून ठेवलंय. मीही काही कमी नव्हते. लग्न राहिलेली बाई कजाग असते असं लोक म्हणायचे आणि मी त्यांना कधी खोटं पाडलं नाही.

त्या गर्दीत धोंडुबाई ठरलेली. सत्तरीची म्हातारी, गावात मागंपुढं कुणी नाही. दर सोमवारी यायची. "शिवलीला, पाणी येत न्हाय बघ." मी चिठ्ठी लिहायची, फिटर केरबा तिच्या घरी जायचा, नळ सोडला की बादली भरायची. मग केरबा तिथं निवांत चहा प्यायचा आणि चिठ्ठीवर लिहून आणायचा, 'तक्रार खरी. दुरुस्ती केली.'

"केरबा, पाणी येत होतं ना? मग खोटी लिहा की!"

"ऱ्हाऊ द्या की म्याडम. म्हातारी हाय."

मी लाल शाईनं 'खरी' खोडून 'खोटी' लिहायची. शिस्त म्हणजे शिस्त.

२००४ साली नवी कचेरी बांधायचं ठरलं, गावाबाहेर फिल्टर हाऊसच्या माळावर. विजेची बचत, पाण्याची बचत, सगळं नव्या पद्धतीचं. आर्किटेक्ट शांभवी म्हणून एक तरुण मुलगी होती. ती एकेकाजवळ बसून विचारायची, तुम्हाला काय हवं, काय नको. मला इतक्या आपुलकीनं कुणी काही विचारून वर्षं झाली होती. मी तोंड सोडलं. "खिडकी नको. रांग नको. ती मुंडकी तर अजिबात नकोत. मला शांतता पाहिजे."

पोरीनं एक शब्द गाळला नाही.

इमारत देखणी झाली, खोटं कशाला बोलू? चंदगडकडचा जांभा दगड, जाळीच्या भिंती, भर मे महिन्यात पंखा लागायचा नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत, हात धुतलेलं बागेत. माझी खोली उत्तरेच्या कोपऱ्यात. तक्रारींसाठी पेठेपेठेत पेट्या बसवल्या. लोकांनी चिठ्ठी टाकायची, केरबानं ती काढून नळ बघून यायचं आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा शिपायाकडं द्यायचा. लोकांच्या खेपा वाचल्या, पेट्रोल वाचलं. उद्घाटनाला साहेबांनी खिडकी बंद करायची सूचना माझी म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या, मी उठून नमस्कारही केला.

पहिला आठवडा सुखात गेला. मग एका संध्याकाळी वाण्याकडं साखर मागायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. दिवसभर मी एक शब्द बोलले नव्हते. घरी तरी कुणाशी बोलणार? आई जाऊन सहा वर्षं झालेली. दोन खोल्या, एक नळ आणि मी. एकवीस वर्षं मी त्या भांडणांवर जगत होते आणि तीच मी बंद करून घेतली.

सोमवार आला की धोंडुबाईची आठवण यायची. तिला लिहिता येत नव्हतं, चिठ्ठी कुठून टाकणार? एका रविवारी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, "चंदगडला भाचीकडं गेली न्हवं का. म्हणाली, हितं आता गाऱ्हाणं ऐकाय कोण ऱ्हायलं न्हाय."

घरी येईपर्यंत मी डोळे पुसत होते. रस्त्यात कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

पुढच्या बुधवारी आमच्या पेठेतल्या पेटीत मी चिठ्ठी टाकली. 'नळाला पाणी नाही.' खाली माझं नाव. गुरुवारी रजा घेतली, सकाळीच दूध जास्त घेतलं आणि दाराकडं कान लावून बसले.

अकराला केरबा आला. पिशवीतून पाना काढला, मोरीत गेला, नळ सोडला. पाणी धो धो आलं. बादली भरून वाहायला लागली. त्यानं नळ बंद केला आणि गॅसवर उकळणाऱ्या चहाकडं, शेजारी मांडलेल्या दोन कपांकडं बघितलं. मला वाटलं, आता हसणार.

तो खाली मांडी घालून बसला. चहा प्यायला, नेसरीला असणाऱ्या माझ्या भावाची खुशाली विचारली, आपल्या थोरल्या पोरीच्या लग्नाचं सांगितलं. अर्धा तास गेला. मग गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून लिहायला लागला. मी वाकून बघितलं. 'तक्रार खरी.'

"केरबा, पाणी येतंय. खोटी लिहा."

"म्याडम, तीस वर्सं घरोघर नळ बघतोय. मला कळतंय की." पाना पिशवीत टाकत तो उठला. "फुडल्या गुरवारी परत बघाय येतो."

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी गठ्ठ्यातून माझ्या टेबलावर आली. लाल शाईचं पेन हाताशीच होतं. मी ते बाजूला सारलं आणि निळ्या शाईनं रजिस्टरात उतरवून घेतलं: तक्रार खरी.