डावा हात राहिला

प्रीतीचं लग्न झालं ते २०२२ साल. बुद्धपौर्णिमेच्या आधी लेक सासरी गेली आणि आषाढ लागता लागता तिच्या आईला, शामलाला, अर्धांगवायूनं धरलं. डावं अंग गेलं, वाचा गेली. अश्विन, तिचा मुलगा, सकाळी सहाला कळमेश्वरच्या कारखान्यात जायचा. सून मोनाली दहाला गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात. मग जरीपटक्यामागच्या वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत शामलाचा नवरा देवाजी, वय बाहत्तर, आणि खाटेवरची शामला, एवढी दोनच माणसं उरत.

देवाजी भाजीला गेला तर आईकडे कोण पाहील, म्हणून अश्विननं कॅमेरा आणला. मुठीएवढा, पांढरा. खाटेसमोरच्या भिंतीवर बसवला. मोबाईलवरून त्याची मान फिरवता यायची, त्यातून बोलताही यायचं. पासवर्डची वेळ आली तेव्हा देवाजीच म्हणाला, "चौदा दहा एकोणीसशे छप्पन्न टाक. मी मरंपर्यंत इसरणार नाही."

त्या तारखेला झालेल्या धम्मदीक्षेच्या वेळी तो सहा वर्षांचा होता, बापाच्या खांद्यावर बसून गेला होता.

अश्विन हसला. "बाबा, साऱ्या गल्लीचा हाच पासवर्ड आहे."

"मंग चांगलंच आहे नं. आपलेच लोक आहेत."

रोज अकराला देवाजी दाराला कडी लावी, खिडकीवर चादर टांगी आणि शामलाला आंघोळ घाली. शामला जन्माची लाजाळू. सख्ख्या बहिणीसमोर तिनं कधी लुगडं बदललं नव्हतं. आजारात नवऱ्याच्या हातानं आंघोळ करून घेणं तिनं कसंबसं पत्करलं होतं. पण कॅमेरा लागल्यावर काही दिवसांनी तिनं वेगळंच सुरू केलं. देवाजीनं अंगावरचं पांघरूण काढलं, की ती चांगल्या उजव्या हातानं ते गळ्यापर्यंत ओढून घेई. देवाजीला वाटे, थंडी वाजते. तो पाणी आणखी तापवी. ती पुन्हा ओढी.

"असं काहून करून राहिली वं? मी काय परका आहो?"

तिच्या डोळ्यांतून पाणी गळे.

नोव्हेंबरात एकदा टॉवेल पिळताना देवाजीला बारीक किर्र ऐकू आलं. कॅमेऱ्याची मान दाराकडून खाटेकडे वळली होती. संध्याकाळी त्यानं विचारलं, "अश्विन, तू अकरा वाजता कॅमेरा फिरवतं काय गा?"

"अकराले? बाबा, आमचे मोबाईल लॉकरमंधी राहतात. एकच्या सुट्टीत भेटतात."

"मंग मोनाली असंन."

मोनाली चुलीपाशीच होती. "मामाजी, मले दुकानात पाणी प्यायले सवड नाही, मी काय कॅमेरा फिरवतो!"

"मशीनच आहे ते," अश्विन म्हणाला. "फिरत असंन आपोआप."

दुसऱ्या दिवशी देवाजीनं घाईनं आंघोळ उरकली, बादली सरकवली आणि कोरडं लुगडं उचललं.

"डावा हात राहिला," भिंत म्हणाली.

आवाज हळू होता, पुरुषाचा. धमकीचा नव्हता, थट्टेचाही नव्हता. घरात बरेच दिवस बसून असलेल्या माणसानं आठवण करून द्यावी, तसा. देवाजीनं मागं पाहिलं. दाराला कडी होती. खिडकीवर चादर होती. शामलाचा डावा हात खरंच कोरडा होता.

शामलानं पांघरूण ओढलं. तिची नजर देवाजीकडे नव्हती, भिंतीकडे होती. तेव्हा त्याला कळलं. ती थंडीनं ओढत नव्हती. इतके दिवस ती त्याला सांगत होती, आणि तो पाणी तापवत होता.

त्यानं वायर उपटली.

त्या दिवशी जादा पाळी नव्हती म्हणून अश्विन दिवस असतानाच आला. मोबाईलवर शोधलं. त्या कॅमेऱ्याला तीन मोबाईल जोडलेले होते. एक त्याचा, एक मोनालीचा. तिसऱ्याचं नाव म्हणजे नुसते आकडे. कॅमेरा बसवल्याच्या चौथ्या दिवसापासून तो आत होता. अश्विननं तिसऱ्याला काढलं, पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. "बाबा, वस्ती बौद्धायची आहे हे माहीत असलं, तं ती तारीख कोणालेही सुचते."

"गल्लीत असे कॅमेरे किती?"

"नऊ-दहा असतीन."

देवाजी विचारात पडला. लोकांना सावध करायचं तर आपल्या घरात काय झालं ते सांगावं लागणार. म्हणजे शामलाची लाज भर विहारात मांडायची. न सांगावं तर आणखी कोणाची बायको, कोणाची लेक तो पाहत बसेल. दोन दिवस असेच गेले. शेवटी तो खाटेशी बसला.

"शामला, सांगू काय लोकायले? तू नाही म्हटलं तं नाही सांगत."

तिनं उजव्या हातानं त्याचं बोट धरून एकदा घट्ट दाबलं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर देवाजी उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. आंघोळीचंही.

मागून गल्लीतलाच रुपराव म्हणाला, "चोरानं न्यावं असं आपल्या घरी आहे काय, ते सांग पहिले."

"डोळ्यानं नेते तो, रुपराव. कपाट उघडत नाही."

समोरच्या घरातली यमुताई एकदम उठली. "माय वं! माह्या सुनेच्या बाळंतपणाच्या खोलीत लावला आहे नं. पोट्टं रडलं तं कळावं म्हणून."

सगळे तिच्या मागं धावले. खोलीत सून बाळाला पाजत होती. कॅमेरा तिच्याकडे तोंड करून होता. माणसं आत शिरली तशी त्याची मान दाराकडे वळली. एकेकाच्या तोंडावर थांबत थांबत ती देवाजीवर येऊन टेकली.

"शामलाबाई आता कशा आहेत?" त्याच आवाजानं विचारलं.

देवाजीनं कॅमेरा पोपड्यासकट भिंतीतून ओढून काढला. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी पासवर्ड बदलले. पाच घरांत अनोळखी मोबाईल जोडलेला सापडला. तो आवाज कोणाचा, हे पोलिसांनाही कळलं नाही.

त्यानंतर देवाजीनं आंघोळ घालताना शामलानं पांघरूण ओढलं नाही. यमुताई रोज अकराला येऊन दाराबाहेर पाटावर बसायची, कोणाला आत जाऊ द्यायची नाही.

शामला १९ जानेवारी २०२३ रोजी, गुरुवारी सकाळी, आपल्या घरी वारली.