सुखतळ्याखाली

डॉक्टरांच्या टेबलावरचा नमुन्याचा कृत्रिम खुबा कारागिराने उचलला, उलटा केला आणि सवयीने त्याची शिवण शोधू लागला. शिवण नव्हतीच. धातूची एक वाटी, तिच्यात बसणारा गुळगुळीत गोळा आणि गोळ्याखाली मांडीच्या हाडात उतरणारी दांडी. त्याने गोळा वाटीत फिरवून पाहिला. जराही आवाज नाही. आयुष्यभर बूट शिवण्यात गेलेल्या माणसाला असं काम पाहून बरंही वाटतं आणि थोडा संशयही येतो.

"आणि हे सगळं एवढ्याशा फटीतून आत जाणार?"

तरुण डॉक्टरांनी चार बोटं जुळवून स्वतःच्या मांडीवर, पुढच्या बाजूला, ठेवली. "एवढाच छेद. स्नायू कापायचे नाहीत, दोन स्नायूंच्या मधून वाट काढायची. एकेक भाग सुटा आत जातो, काका. आधी वाटी, मग दांडी, शेवटी गोळा. जोडणी आतच होते."

"आत दिसतं कसं?"

"थोडं डोळ्यांना, थोडं एक्स-रेच्या पडद्यावर. बाकीचं हाताला कळतं."

हे शेवटचं त्याला मनापासून पटलं. बुटाच्या नाकात हात घालून आतली गाठ मारताना तोही डोळे मिटूनच काम करायचा. त्याच्या डोक्यात आणखी चार प्रश्न तयार होते.

"ऑपरेशन माझं आहे," शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली. "तुम्ही शिकायला आल्यासारखे काय बसलाय?"

डॉक्टर हसल्या आणि एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाल्या, "काकू, डावा पाय सेंटिमीटरभर आखूड झालाय. झिजेमुळे होतं असं. तेवढी लांबी आपण भरून काढू. बुटात काही उंची घातलीय का?"

"मुळीच नाही. चाळीस वर्षं शाळेत कवायत घेतलीय मी. माझी चाल सरळ आहे. यांना विचारा."

कारागिराने मान डोलावली आणि गोळा पुन्हा वाटीत फिरवू लागला.

अकरा वर्षांपूर्वी टाच बदलायला घेतलेला तिचा डावा बूट त्याच्या हातात होता, आणि टाचेच्या झिजेवरून त्याला सगळं कळलं होतं. तिला सांगायचं म्हणून तो दोनदा दुकानातून उठला आणि दोन्ही वेळा दारातून परत फिरला. वाकडं चालणाऱ्या शेकडो पोरींना जिने सरळ केलं, तिला हे सांगायचं कुणी? शेवटी त्याने बुटाच्या आतला, पायाखालचा सुखतळा उचलून टाचेपाशी कातड्याची एक पातळ चकती चिकटवली आणि सुखतळा होता तसा बसवून टाकला. तिने बूट घातले, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, यावेळी छान जमलेत. पुढे चकत्या वाढत गेल्या. बाहेरचे बूट, घरातल्या सपाता, सगळं त्याच्याच हातचं होतं, त्यामुळे तिला पत्ता लागायचं काही कारण नव्हतं. आपण मोठी कामगिरी बजावतोय असंच त्याला वाटत आलं होतं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून, दवाखान्याच्या मऊ मोज्यांत, कॉरिडॉरभर चालली. कारागीर मागून बघत होता. चाल सरळ वाटत होती, पण वॉकर धरल्यावर कुणीही सरळच चालेल असं त्याने मनाशी म्हटलं. चार बोटांच्या छेदातून गोळा आत जाईल एकवेळ, पण पायाची लांबी? ती कशी बदलणार? डॉक्टर चांगल्या बोलतात, इतकंच. म्हणून घरी न्यायच्या दिवशी त्याने तिचे बूट पॉलिश करून नेले, आणि चकत्यांना हात लावला नाही.

घराच्या पायऱ्यांपर्यंत पोचता पोचता ती थांबली.

"अहो, मी उजवीकडे झुकतेय."

"नवा सांधा आहे. बसेल हळूहळू."

तिने अंगणात आणखी सहा पावलं टाकली. कारागिराने ती पावलं पाहिली आणि त्याला सुखतळ्याखालच्या चकत्या आठवल्या. सगळ्या मिळून बारा मिलिमीटर. आता तो आकडा तिच्या चालीत दिसत होता.

"पाय लांब करून ठेवलाय त्या मुलीने," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. "एवढ्याशा भोकातून काय दिसणार तिला? गाडी थांबवा. आत्ताच परत जायचंय."

"बूट काढ ना जरा. ब्रश मारतो."

"आता ब्रश सुचतोय तुम्हाला?"

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बुटांसकट खोलीतून चालवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला झोपवलं, दोन्ही टाचा जुळवल्या, टेप लावली. माप बरोबर होतं. पुन्हा चालवलं. पुन्हा ती झुकली.

"मला पडद्यावर तर बरोबर दिसलं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

"मग पुन्हा उघडा," बायको म्हणाली. "हवा तेवढा मोठा छेद घ्या, पण नीट बघून करा. मला वाकडं चालत मरायचं नाहीये."

डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढायचा कागद भरायला घेतला. त्यांचं पेन दोनदा अडलं. त्या मुलीने काम चोख केलं होतं आणि ती आपल्याच हातावर संशय घेत होती. ते मात्र कारागिराला बघवलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, बायकोच्या पायातला डावा बूट सोडवला आणि अंगठ्याच्या नखाने सुखतळा उचलला. एकेक करून त्याने सहा चकत्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख होती.

डॉक्टरांनी पट्टी घेऊन जाडी मोजली, मग पहिली चकती उचलून तारीख वाचली. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याहून जास्त कुतूहल होतं.

"अकरा वर्षं? काकू, दुखायला लागलं कधी?"

"गेल्या वर्षी," कारागीर म्हणाला.

"सहा वर्षं झाली," बायको म्हणाली.

त्याने वर पाहिलं. ती चकत्यांकडे बघत होती.

"रोज दुखायचं. मी आरशात बघायची, चाल सरळ दिसायची. म्हटलं, सरळ चालतेय ना, मग सांध्यात काही नाही. वय झालं, सोसायचं. लंगडले असते तर त्याच आठवड्यात आले असते मी."

डॉक्टरांनी चकती अलगद खाली ठेवली. कारागीर जमिनीवर बसला होता तसाच बसून राहिला. आपण अकरा वर्षं तिला काय दिलं, हे त्याला त्या क्षणी नेमकं कळलं, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

चकत्या काढलेल्या बुटात ती सरळ चालत गाडीपर्यंत गेली. दुकानापाशी तिनेच गाडी थांबवायला सांगितली.

"हे बूट नकोत मला. नवीन करा."

तिचं माप त्याने लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं, ते त्याला पाठ होतं. आज त्याने जमिनीवर कोरा कागद पसरला. ती त्याच्या खांद्यावर हात टेकून अनवाणी उभी राहिली, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. त्याने डाव्या पायाभोवती पेन्सिल फिरवली, मग उजव्या. मग थांबला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एक प्रश्न सगळ्यात आधी विचारत असे.

"कुठे दुखतं?" त्याने विचारलं.

ती सवयीने "कुठे नाही" म्हणायला गेली आणि मध्येच थांबली. खांद्यावरचा हात जरा जड झाला.

"बसून सांगते," ती म्हणाली. "वेळ लागेल."

त्याने तिच्यासाठी गिऱ्हाइकाची खुर्ची ओढली.