सोकोरोला हाक

"मी एकदा झोपलो ना बाई, की चर्चची घंटा तुटून छातीवर पडली तरी कूस बदलत नाही," नेमेसिओ म्हणाला आणि एनेइदाबाईंच्या हातातली टोपली त्याने स्वतःकडे ओढून घेतली. टोपलीत मांजर होती. "आणि ही एवढीशी मला उठवणार?"

लाँचचा भोंगा वाजला. एनेइदाबाईंनी अख्ख्या गावाला पाढे शिकवले होते आणि आता त्या कायमच्या बारांकियाला, लेकीकडे निघाल्या होत्या. लेकीला मांजरं चालत नव्हती.

"नाव तेवढं बदलू नकोस," फळीवरून लाँचमध्ये चढता चढता त्या म्हणाल्या. "सोकोरो म्हटलं तरच बघते. दुसऱ्या नावाला कानही हलवत नाही."

"सोकोरो तर सोकोरो," म्हणत नेमेसिओने टोपली डोक्यावर घेतली.

नेमेसिओ फिदेलियाच्या बेकरीत रात्रपाळीला भट्टी सांभाळायचा. गाव उठायच्या वेळी तो घरी यायचा, मागच्या ओसरीवर टांगलेल्या झोळीत अंग टाकायचा आणि दिवस कलेपर्यंत घोरायचा. बायको नव्हती, जमीन नव्हती. झोप होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोळीत त्याचा डोळा लागला आणि पायाचा अंगठा हलला. मांजर अंगठ्यावर तुटून पडली. त्याने पाय पोटाशी घेतले, तर ती पोटावर चढली. त्याने तिला खाली टाकलं, तर ती आंब्यावरून कौलांवर गेली आणि पेन्शन अडकलेल्या विधवेसारखी रडू लागली.

नेमेसिओ चड्डीवरच अंगणात आला आणि आभाळाकडे हात करून ओरडला, "सोकोरो! ए सोकोरो!"

आता गावात निम्म्या म्हाताऱ्यांचं नाव सोकोरो. पण घर पेटलं किंवा नदीत कुणी बुडायला लागलं, की माणसं जे ओरडतात तेही सोकोरोच. म्हणजे धावा, वाचवा!

माणसं धावली. पलीकडची देल्फिना बादली घेऊन आली आणि काय जळतंय ते न बघता तिने ती नेमेसिओवर रिकामी केली. अलीकडचा न्हावी तिबुर्सिओ वस्तरा परजत आला. त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, गळ्यातल्या फडक्यासकट.

"कुठंय चोर?" तिबुर्सिओने विचारलं.

"चोर नाही. मांजर," नेमेसिओ म्हणाला. त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं. "तिचं नाव आहे ते."

"मांजरीचं नाव? माझ्या मावशीचंही नाव सोकोरोच होतं," देल्फिना म्हणाली, "पण मावशीला कुणी उघड्या अंगाने कौलांवरून खाली बोलवत नव्हतं बाबा."

दुसऱ्या दिवशीही हेच झालं. तिसऱ्या दिवशी देल्फिना आली, पण बादली न घेता. मग तिबुर्सिओ नुसता भिंतीवरून डोकावायचा. पुढे पुढे तेही बंद झालं. सकाळी ओसरीतून "सोकोरो!" ऐकू आलं, की तिबुर्सिओ गिऱ्हाइकाची मान वळवत म्हणायचा, "चला, नेमेसिओ झोपायला आला."

नेमेसिओने काय नाही केलं! कानात कापूस घातला, तर मांजरीने तो ओढून काढला आणि अंगणभर खेळवला. झोपण्याआधी तिला पोटभर मासे घातले, तर तिला दुप्पट जोर आला. गोड आवाजात 'ब्लांका' म्हणून पाहिलं, तर तिने पाठ फिरवली. शेवटी त्याने ती टोपलीत घालून तिबुर्सिओच्या दुकानात नेली.

"घे रे. फुकट. उंदीर धरेल."

"माझ्याकडे उंदीर नाहीत."

"मी आणून देतो!"

"अरे, माझ्या हातात वस्तरा असतो. तुझी सोकोरो मांडीवर चढली तर गिऱ्हाईक खरोखरचं सोकोरो ओरडेल."

त्याच रात्री नेमेसिओ भट्टीसमोर लांब फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभ्याउभ्या झोपला. पावाचा कोळसा झाला. धूर रस्त्यावर आला तेव्हा फिदेलिया पोचली. तिने एक पाव उचलून टेबलावर आपटला. टेबलाला पोचा पडला.

"डोळे बघ तुझे. पिकलेले टोमॅटो," ती म्हणाली. "उद्या रात्री सांता रीताच्या उत्सवाचा पाव आहे. बिशप येणार आहेत. उद्या एक जरी पाव करपला, तर भट्टी माझ्या मेहुण्याला."

"एबारिस्तोला? बाई, त्याला मीठ आणि साखर ओळखू येत नाही!"

"पण तो जागा असतो."

नेमेसिओने सगळं सोडून या भट्टीवरच हात भाजून घेतले होते. दुसरं काहीच त्याला येत नव्हतं. घरी येताना तो सांता रीताच्या चर्चपुढे थांबला. ही अशक्य गोष्टी घडवणारी संत. त्याने तिच्याकडे फक्त दुपारपर्यंतची झोप मागितली.

मग त्याने मांजरीला स्वयंपाकघरात कोंडलं, बाहेरून कडी घातली, कडीला दोरी बांधली आणि झोळीत पडला. एक कौल सरकल्याचा आवाज आला. मग डोक्यावर रडणं सुरू झालं.

नेमेसिओ उठला. तो चिडला नाही, हे त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. त्याने शांतपणे माशाचं डोकं दातात धरलं, शिडी लावली आणि तो चढला. स्वयंपाकघराच्या बरोबर वर पोचेस्तोवर शिडी कलली आणि अंगणात आडवी झाली. त्याने दुसरं पाऊल टाकलं, तर कौलं फुटली. तो कमरेपर्यंत आत गेला. खाली पाय लटकत होते, वर धड अडकलेलं. ना वर येता येईना, ना खाली जाता.

त्याने मासा थुंकला आणि जीव खाऊन बोंब ठोकली, "सोकोरो! अरे, सोकोरो!"

"आज फारच प्रेमाने बोलावतोय," भिंतीमागून तिबुर्सिओ म्हणाला.

"मासा दाखव तिला, मासा!" देल्फिना ओरडली.

"मांजर नाही! मी! मी सोकोरो म्हणतोय!"

"आम्हीही तेच ऐकतोय रे, रोज!"

नेमेसिओचा घसा बसला. इतक्यात मांजर कौलांवरून चालत आली. हाकेला ती पहिल्यांदाच आली होती. तिने मासा खाल्ला, मिशा पुसल्या आणि त्याच्या मानेभोवती वेटोळं घालून गुरगुरत डोळे मिटले. ऊन होतं, पण आंब्याची सावली नेमकी तिथे होती. कुठे हलता येत नव्हतं, त्यामुळे अंगठाही हलत नव्हता. नेमेसिओने कौलांवर गाल टेकला आणि तो घोरू लागला.

दुपारी उत्सवाच्या घंटा सुरू झाल्या आणि थांबेचनात. तो उठला नाही.

अंधार पडायच्या आत फिदेलिया त्याला बोलवायला आली. ओसरीत झोळी रिकामी. तिने कडीची दोरी सोडून स्वयंपाकघराचं दार ढकललं, तर आढ्यातून दोन पाय लोंबत होते. ते हलत नव्हते. ती अंगणात पळत गेली आणि छाती बडवून ओरडू लागली, "सोकोरो! सोकोरो!"

"आता ही पण!" तिबुर्सिओ म्हणाला, आणि त्याने दुकान बंद केलं.

मांजर खाली उतरली.

त्या वर्षी बिशपांनी एबारिस्तोने भाजलेला पाव खाल्ला. तो गोड होता.