सांजेचं पाणी

आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेचं डिझेल इंजिन इलियास मिस्तरी चालवायचा. नदीकाठच्या सामाईक विहिरीवर पत्र्याची खोली होती. धुरानं तिच्या भिंती आतून काळ्या झाल्या होत्या आणि इलियासचा खोकलाही त्याच धुराचा होता. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत सभासदांना पाळीपाळीनं पाणी मिळे, प्रत्येकाला दोन तास. पाळ्या पाडव्याला ठरायच्या. एकदा ठरल्या की वर्षभर मोडायच्या नाहीत. पूर्वी एकदा मधेच मोडल्या तेव्हा डोकी फुटली होती, म्हणून हा नियम सगळे पाळत.

पंडित आणि सरूबाई हे नवराबायको संस्थेत सर्वांच्या शेवटी आले. बौद्धवाड्यातलं सभासद झालेलं ते पहिलंच घर. तोवर दिवसाच्या पाळ्या वाटून झाल्या होत्या. सांजेची उरली होती. धारा काढायच्या वेळेला ती कुणालाच नको असे. पंडितनं ती हसत घेतली. इंजिनाला सकाळ काय आणि सांज काय, पाणी तेवढंच पडायचं. त्या पाण्यावर दोघांनी मोसंबीची बाग उभी केली. बाग फळाला आली आणि पंडित तापाचं निमित्त होऊन गेला. तेव्हापासून सरूबाई दिवसा लोकांच्या रानात खुरपायला जाई आणि सांजेला आपल्या बागेत येई. दुसरं तिला काही नको होतं. पंडितनं लावलेली बाग जगली पाहिजे, एवढंच.

मी संस्थेच्या शेजारचं वाचनालय सांभाळतो. इंजिन थंड करायला ठेवलं की इलियास माझ्याकडे येऊन बसे. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी. मला समजावून सांगायची हातोटी नाही. जमलं तसं एकदा सांगितलं की डिझेल, कोळसा जळतो त्याचा वायू वर साचतो, तो उष्णता धरून ठेवतो, आणि त्यानं पावसाचं तंत्र बिघडतं.

"मंजे गुरुजी, आपला पाऊस म्याच पळविला म्हना की!"

"तू एकट्यानं नाही रे. जगभरचे कारखाने, मोटारी, वीज करणारी केंद्रं..."

"तरी पन माझा वाटा हायच ना त्यात?"

तो हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो. पण त्यानं ते मनाला लावून घेतलं होतं. सौरपंपाची योजना आली तेव्हा घरोघर फिरून लोकांना तयार करणारा इलियासच होता. "ऊन आपल्याला फुकटच भाजतंय," तो म्हणे, "त्याला जरा कामाला लावू की!" पाडव्याच्या पाळ्या ठरल्या आणि पाठोपाठ विहिरीवर सौरपट्ट्या उभ्या राहिल्या. इंजिन योजनेत जमा झालं. धूर नाही, आवाज नाही, पाणी मात्र भरपूर. इलियासचा खोकला महिन्याभरात उतरला.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. चैत्रातच झाडांच्या सावल्या विरळ झाल्या होत्या. एका सांजेला सरूबाई विहिरीवर आली.

"मिस्तरी, माझ्याच पाळीला पानी कावून थकतंय?"

इलियासनं पाइप तपासला. कुठं गळती नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या पाळीआधी सगळ्या पट्ट्या पुसून लख्ख केल्या. तरी पाण्याची धार करंगळीएवढीच, आणि दिवस कलला तशी तीही तुटली. तो पट्ट्यांकडे पाहत उभा राहिला. मग मावळतीकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे येऊन मटकन बसला.

"गुरुजी, आमी सगळेच येडे. ऊन सांजला कुठं ऱ्हातंय?"

इतकी साधी गोष्ट. कुणी तिचं वाईट चिंतलं नव्हतं. पंप बदलला आणि पाळ्या जुन्याच राहिल्या. दुपारच्या दोन तासांत विहीर रिकामी होईल इतकं पाणी पडे, आणि सांजेच्या दोन तासांत झाडांची मुळंही भिजत नसत. इलियासनं तेलगावहून चाँद नावाच्या चुलतभावाचं डिझेल इंजिन मागून आणलं. ज्या धुराला तो भ्यायला होता तोच पुन्हा छातीत घेत त्यानं ते सरूबाईच्या पाळीला सुरू केलं. थोडा वेळ पाणी आलं, मग पाइप नुसती हवा ओढू लागला. दुपारच्या पंपानं विहीर तळाला नेली होती.

संस्थेची बैठक बोलवायला चेअरमन राधाकिशन पाटलांनी दिवस लावले. माणूस वाईट नव्हता, भांडणाला भिणारा होता. बैठकीत इलियास उभा राहिला.

"सरूआक्काची पाळी दुपारी घ्या. न्हाईतर बाग जाती."

"पाळी पाडव्याला बदलती, मिस्तरी," राधाकिशन म्हणाले. "आज एकाची मोडली तर उद्या सगळेच उठत्याल."

"आन आमची डाळिंबं काय सावलीत हायेत का बे?" सरूबाईच्या रानाशेजारचा कारभारी मागच्या ओळीतून ओरडला. त्याची पाळी नेमकी दुपारची. "सांजची पाळी पंडितनंच मागून घेतलती!"

दारापाशी बसलेली सरूबाई उठली. पदर सारखा करून म्हणाली, "मागून न्हाई, कारभारीभाऊ. उरली व्हती, ती घेतली."

मला बैठकीत बोलता येत नाही, आणि त्या दिवशी तर शब्द ओठापर्यंत येऊन परत गेले. शेवटी राधाकिशन घसा साफ करून म्हणाले, "बरं. दुपारची पाळी आळीपाळीनं फिरवू. पयली सरूबाईची."

दुपारचं पाणी बागेत शिरलं तेव्हा झाडांना पानं जवळजवळ उरली नव्हती. सरूबाईनं प्रत्येक आळं स्वतःच्या हातानं भरलं. सलग काही दिवस भरलं.

मग एका दुपारी इलियास धापा टाकत वाचनालयात आला.

"गुरुजी, चला! चला बगू! बाग फुलली!"

खरंच फुलली होती. निष्पर्ण फांद्यांवर पांढरी फुलं, शेंड्यापासून खोडापर्यंत. वास बांधावरून येत होता. इलियास झाडामागून झाड पाहत, लहान मुलासारखा फिरत होता.

"आक्का, उनानंच वाचवलं बगा शेवटी! धरत्याल ना आता फळं?"

सरूबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी एका झाडाच्या बुंध्याशी उभा होतो. साल सुटून आली होती आणि आतलं लाकूड तपकिरी, कोरडं होतं. मोसंबीला मुद्दाम ताण देऊन पाणी दिलं की बहार येतो, हे मी वाचलेलं आहे. पण मुळं जळून गेलेलं झाडही असंच फुलतं, अंगात उरलेलं सगळं एकदाच काढून देतं.

"धरत्याल की, मिस्तरी," ती म्हणाली. "कावून न्हाई धरनार?"

"पाटलाला सांगून येतो!" म्हणत तो पळाला. बांधाच्या पलीकडे त्याचं ओरडणं बराच वेळ ऐकू येत होतं.

"सरूबाई, त्याला सांगायला पाहिजे," मी कसंबसं म्हणालो.

"नगा सांगू, गुरुजी. धुराचं मनाला लावून घेतलं त्यानं, आता उनाचंबी घेईल. फुलं गळूस्तवर ऱ्हाऊ द्या त्याला असंच."

"आणि तुम्ही?"

तिनं खाली वाकून पडलेली काही फुलं ओच्यात घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा त्याच झाडाखाली ठेवली. तिची पाळी संपायला अजून तास होता. ती व्हॉल्व्हकडे गेली आणि दोन्ही हातांनी तो फिरवून आपल्या बागेचं पाणी तोडलं. शेजारच्या रानात कारभारी डाळिंबाच्या वाळल्या फांद्या छाटत होता.

"कारभारीभाऊ," तिनं हाक मारली, "तुमच्याकडं घ्या पानी. माझं झालं."

कारभारी कात्री हातात धरून तिच्याकडे आणि तिच्या फुललेल्या बागेकडे पाहत राहिला. त्याला काही कळेना. मग तो गेला आणि आपल्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडला.