चन्नप्पांची पोरगी पुण्याला निघाली

महानंदा इंटर सायन्सला कॉलेजात मुलींत पहिली आली. सायन्सला मुली चारच होत्या, पण तेवढं सोडून बाकीचं सगळं तिच्या अप्पांनी, म्हणजे चन्नप्पांनी, अख्ख्या मंगळवार पेठेला सांगितलं.

चन्नप्पांचं पेठेत दोरखंड, कासरे आणि बैलांच्या घुंगरमाळांचं दुकान होतं. बरोबर समोर त्यांचे चुलतभाऊ तिप्पण्णा तेच विकत बसायचे. दोघांचा धंदा सारखाच चालायचा आणि भांडण त्याहून बरं चालायचं. पण गेल्या वर्षी तिप्पण्णांनी डाव टाकला. मुलाला, रेवणसिद्धला, पुण्याच्या एका जुन्या, दगडी, नावाजलेल्या कॉलेजात घातलं. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आमच्या पुण्यात’पासून सुरू व्हायचं. पाऊससुद्धा आधी त्यांच्या पुण्यात पडायचा आणि मग उरलासुरला सोलापूरला यायचा.

‘‘बी.एस्सी. पुण्यालाच करायची,’’ चन्नप्पांनी जाहीर केलं. ‘‘त्याच कॉलेजात.’’

‘‘अप्पा, हितं काय वाईट हाय? गणित हितं बी हाय की.’’

‘‘हितली पदवी कोल्हापूरच्या विद्यापीठाची. कोल्हापूर म्हटलं की लोकांना पायताण आठवतं आणि सोलापूर म्हटलं की चादर. कोण इचारतंय गणिताला?’’

महानंदाची आई गौरम्मा मधे काही बोलायला गेली, तर चन्नप्पा म्हणाले, ‘‘सुम्न कुंद्रू!’’ घरात कुणाला गप्प बसवायचं झालं की ते कानडीत शिरायचे. गौरम्मा गप्प बसली. म्हणजे त्या दिवसापुरती.

प्रवेशाच्या मुलाखतीला बापलेक रेल्वेनं गेले. दौंड आलं तसे चन्नप्पा पुण्याच्या बोलीचा सराव म्हणून खिडकीकडं तोंड करून ‘आहे’, ‘नाही’, ‘कुठे’ असं पुटपुटायला लागले. समोरच्या माणसाला वाटलं जप चाललाय. त्यानं आदरानं पाय आवरून घेतले.

मुलाखतीच्या खोलीत भिंतीवर मिशीवाल्या जुन्या प्राचार्यांच्या तसबिरी होत्या आणि टेबलामागं एक टकले प्राध्यापक व एक चष्म्याच्या बाई बसल्या होत्या.

‘‘तुला याच कॉलेजात का यायचंय?’’ बाईंनी विचारलं.

‘‘आमच्या मुलीला ज्ञानाची लई... फार तहान आहे,’’ चन्नप्पा म्हणाले.

‘‘तिला बोलू द्या ना.’’

महानंदाला गाडीत पाठ करून घेतलेलं उत्तर होतं. त्यात ‘उज्ज्वल परंपरा’ असे शब्द होते. ती तोंड उघडायला गेली आणि परंपरा कुठं तरी उरुळीच्या आसपास गळून पडल्याचं तिच्या लक्षात आलं.

‘‘समोरच्या दुकानातल्या काकांचा मुलगा हितं हाय, म्हणून,’’ ती म्हणाली.

चन्नप्पांनी डोळे मिटले. टकले प्राध्यापक मात्र असे हसले की त्यांना रुमाल काढावा लागला. ‘‘सकाळपासून जो येतोय तो ज्ञानाची तहान सांगतोय,’’ ते बाईंना म्हणाले. ‘‘आपला माठ रिकामा झाला हो!’’ मग त्यांनी फळ्यावर एक गणित घातलं. महानंदानं निम्मं सोडवलं, निम्म्यावर अडली आणि म्हणाली, ‘‘म्होरलं न्हाय येत.’’ ‘‘पुढचं येत असतं तर इथे कशाला आली असतीस?’’ ते म्हणाले आणि तिला जागा मिळाली.

चन्नप्पा फीची, हॉस्टेलची आणि मेसची चौकशी करायला ऑफिसात गेले, तेवढ्यात ती एकटी फिरून आली. ग्रंथालय बघून ती दारातच थांबली. पुस्तकांची कपाटं छतापर्यंत गेलेली, आणि वरचं पुस्तक काढायला चाकं लावलेली शिडी! एक मुलगी त्या शिडीवर बसूनच वाचत होती. आपण तिथं बसलोय असं महानंदानं क्षणभर मनात धरून पाहिलं. फार बरं वाटलं.

पण बाहेर पडताना पायऱ्यांवरच्या दोघी एकमेकींना म्हणत होत्या, ‘‘ग्रंथालय कुटं हाय? कुटं हाय गं?’’ मघाशी तिनं शिपायाला विचारलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं. आवाजही छान काढला होता.

ऑफिसातून बाहेर आलेल्या चन्नप्पांचा चेहरा कुणीतरी मयत झाल्यासारखा होता. पण आकडा त्यांनी तिला सांगितला नाही. ‘‘आपला धंदा पावसावर. माणसानं आभाळाकडं बघून खर्च करावा,’’ एवढंच म्हणाले. असलं ते एरवी कधी बोलत नसत.

सोलापुरात उतरल्या उतरल्या त्यांनी पेढे घेतले. पहिला पेढा तिप्पण्णांच्या हातावर ठेवला. तिप्पण्णांनी तो कारल्याची फोड खाल्ल्यासारखा खाल्ला. पुढं दोन दिवस कासरा घ्यायला आलेल्या मोडनिंबच्या शेतकऱ्यालासुद्धा आधी पेढा आणि मग कासरा मिळाला.

फी भरायला आठवडा होता. महानंदा इथल्या कॉलेजात शिवयोगी सरांना भेटायला गेली. ते गणित शिकवायचे आणि कुणाचीही भीड ठेवायचे नाहीत.

‘‘पुण्याला मिळालंय? मग हितं कशाला मरतीस?’’ सर म्हणाले.

‘‘सर, नीट सांगा की.’’

‘‘नीटच सांगतोय. ग्रंथालय त्यांचं मोठं. नाव त्यांचं मोठं. नोकरी मागायला गेलीस तर त्यांच्या नावाला माणूस खुर्ची देतो, आपल्या नावाला स्टूल. खोटं कशाला बोलू?’’ त्यांनी खडूची पूड झटकली. ‘‘आता माझं म्हणशील, तर मी सकाळी दहाला हितंच असतो आणि संध्याकाळी पाचला बी हितंच असतो. कारण मला दुसरीकडं कुणी बोलवत न्हाय. अडलं तर येऊन बसायचं, सुटेपर्यंत उठायचं न्हाय. एवढंच आपल्याकडं हाय.’’

घरी गौरम्मा भाकरी थापत होती. महानंदा तिच्याजवळ जाऊन बसली.

‘‘अव्वा, मी पुण्याला जात न्हाय.’’

गौरम्मानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. ‘‘भ्यालीस व्हय?’’

पायऱ्यांवरच्या त्या दोघी महानंदाच्या डोळ्यांसमोर आल्या. ‘‘थोडी. पण तेवढ्यासाठी न्हाय. शिवयोगी सरांपाशी बसलं की मला गणित कळतं. आन् फीचं नाव काढलं की अप्पांना घाम फुटतोय ते मला दिसतंय की.’’

‘‘बरं. भ्यालीस हे सांगितलंस ते बेस केलंस. आता बापाला सांग. मी परातीमागं बसते.’’

चन्नप्पांचा आधी स्फोट झाला. ‘‘अगं, पेढे वाटलेत की! परत मागू काय लोकांच्या पोटातनं? त्या तिप्पाला काय तोंड दाखवू?’’

‘‘हेच दाखवा,’’ परातीमागून गौरम्मा म्हणाली. ‘‘त्यांच्या पोराला मिळालं आन् तो गेला. आपल्या पोरीला मिळालं आन् तिनं नको म्हटलं. मोठं कोण?’’

चन्नप्पा कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि स्वतःशीच एकदा हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, ‘‘मिळालं होतं. आमीच नको म्हटलो.’’ मग जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा त्यात ‘हात जोडत होते हो!’ची भर पडली. सकाळी दुकान उघडेपर्यंत त्यांच्या गोष्टीत ते टकले प्राध्यापक चन्नप्पांना निरोप द्यायला स्टेशनपर्यंत आले होते. फीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही आणि चन्नप्पांना त्या रात्री आठवडाभरानं झोप लागली होती, असं गौरम्मा सांगते.

महानंदाला ती शिडी नंतरही कधीमधी आठवायची, विशेषतः इथल्या ग्रंथालयातलं हवं ते पुस्तक नेमकं बाइंडिंगला गेलेलं असायचं तेव्हा. अशा वेळी ती मनातल्या मनात स्वतःला, अप्पांना आणि बाइंडिंगवाल्याला सारख्याच शिव्या द्यायची.

जुलैत कॉलेज सुरू झालं. स्पेशल गणिताला सगळी मिळून नऊ डोकी होती. पंखा फिरत होता, पण वारा पलीकडच्या वर्गाला लागत असावा. शिवयोगी सर आले, हजेरी न घेता फळ्याकडं वळले, एक लांबलचक समीकरण लिहिलं आणि पहिल्याच बाकावर बोट रोखलं.

‘‘महानंदा, सोडव.’’

ती उठली. खडू घेतला. बराच वेळ फळ्याकडं पाहिलं. मागून हसण्याचा आवाज येईल म्हणून तिनं मान अर्धवट वळवली. मागची आठही डोकी वहीत खुपसलेली होती, कारण पुढचा नंबर आपला लागू नये एवढीच प्रत्येकाची प्रार्थना होती.

‘‘न्हाय येत, सर.’’

‘‘मग बस हितंच,’’ सर म्हणाले आणि आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली.