मोटारीच्या पाठीवरचा हात

भावकूने सोड्याच्या पाण्यात बुचकळलेले फडके फिरवले आणि पिवळा डाग त्याच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

तो एक पाऊल मागे सरला. मोटारीच्या पाठीवर, सायीच्या रंगावर, मघापर्यंत हळदीच्या हाताचा ठसा होता. आता तीच पाच बोटे कुंकवात बुडवून उठवल्यासारखी दिसत होती.

"अगं, जरा हिकडं ये," त्याने आवाज दिला.

बेळगावात, टिळकवाडीतल्या हुद्दार वकिलांच्या बंगल्यामागे मोटारीची शेड होती आणि शेडला लागून भावकूची खोली. त्याची बायको बायाक्का ओले हात लुगड्याला पुसत बाहेर आली. तिने ठसा पाहिला आणि तोंडावर पदर धरून हसली.

"सोडा लावलासा व्हय? हळदीला सोडा लागला की ती लाल व्हनारच. कुंकू कशाचं करत्यात वाटलं तुमाला?"

"आता गं? मालक बघतील की."

"चिंच कोळून लावा, पुन्हा पिवळं हुईल. मग हुबी करा उनात. हळद उनाबिगर जायाची न्हाय."

भावकू मूळचा खानापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. दहा-बारा वर्षे तो वकिलांची मोटार चालवत होता, धूतही तोच होता. डांबराचे शिंतोडे घासलेटने सैल करून गोड्या तेलाने पुसायचे, पाखरांची घाण ओले पोते टाकून भिजवायची, चाकांवरचा गंज राखेने हळूहळू घासायचा, हे त्याच्या हातात बसले होते. पण डाग काढण्याआधी तो कुठून आला असेल याचा विचार करायची त्याला खोड होती. चाकाच्या काड्यांत अडकलेली माती बोटावर घेऊन तो बघे. तांबडी असली तर खानापूरची, काळी चिकट असली तर निपाणीच्या तंबाखूच्या रानातली. वकील त्यावरून त्याची थट्टा करत.

या डागाचे मात्र काही जुळत नव्हते. बेळगावजवळच्या काकतीचे मारुतीराव हे वकिलांचे पक्षकार. त्यांच्या मुलाच्या लग्नाला वकिलांनी मोटार दिली होती. मुलगी निपाणीपलीकडच्या कोगनोळीची, लग्नही तिथेच. लग्न लागून नवरानवरी मागे बसली आणि मोटार सुरूच होईना. हँडल मारून भावकूचा खांदा भरून आला. शेवटी तो चालवायला बसला आणि गावकऱ्यांनी मागून ढकलले. दहा-पंधरा हात लागले असतील. पण ते गडीमाणसांचे हात, धुळीचे. ते सगळे ठसे पहिल्या पाण्यातच गेले होते. हा एकच राहिला होता.

बायाक्का वाकून बघत होती. "बाईचा हात हाय ह्यो," ती म्हणाली.

"कशावरनं?"

"केवडासा हाय बघा की. आनि नुसता टेकवल्याला न्हाय, रेटून दाबलाय. तळव्याचा खालचा भाग किती उठलाय."

"बाया कशाला मोटार ढकलतील?"

"ते मला काय ठावं?" बायाक्का म्हणाली. "मी गेलतो व्हय तिथं?"

संध्याकाळी वकील शेडपाशी आले. चिंचेने ठसा पुन्हा पिवळा झाला होता. "भावकू, हा डाग गेला पाहिजे," ते म्हणाले. "रविवारी पाहुणे यायचे आहेत. आधीच्या ड्रायव्हरला मी असल्याच डागावरून काढलं, ठाऊक आहे ना तुला?"

"जी. जाईल."

त्याने मोटार रोज पाठ उन्हाकडे करून उभी केली. वैशाखाचे ऊन. रविवारी पाहुणे आले तेव्हा ठसा इतका फिकट झाला होता की त्यांच्या नजरेत आला नाही. भावकूला मात्र तो कुठे आहे हे माहीत होते. मेण लावताना त्याचा हात तिथे आला की थांबे. मोटार ढकलताना घरच्या मानाच्या बायका तर सगळ्या मांडवात होत्या, रडत होत्या. मग मोटारीमागे कोण गेली?

पुढच्या आठवड्यात वकिलांना निपाणीला जायचे होते. तिथे बहिणीच्या घरी उतरल्यावर ते म्हणाले, "तू गाडी घेऊन सरळ परत जा. मी दोन दिवसांनी येईन कुणाबरोबर तरी."

भावकू सरळ परत गेला नाही. निपाणीच्या बाहेर आल्यावर त्याने मोटार बेळगावऐवजी कोगनोळीच्या वाटेला घातली. आपण हे का करतो आहोत, हे त्याला धड सांगता आले नसते.

लग्नघरापुढचा मांडव अजून उतरवला नव्हता. घरातली माणसे रानात गेली होती. गोठ्यापाशी पांढऱ्या कपाळाची एक बाई शेण गोळा करत होती. मोटार पाहून ती दाराआड गेली.

"आक्का, मी लग्नातला डायवर," भावकू म्हणाला. "काय न्हाय, सहज आलतो. गाडीच्या पाठीवर हळदीचा हात उठला हुता. कुनाचा, तेवडं इचारायचं हुतं."

बाई बाहेर आली, पण दोन्ही हात पदराखाली घेतलेले. "डाग पडला व्हय? मालक रागं भरलं का?"

"न्हाय न्हाय. गेला त्यो."

"माजाच हात त्यो," ती म्हणाली.

ती मालुबाई, नवरी अक्काताईची आई. नवरा वारून पाच-सहा वर्षे झाली होती. लग्न दिराने करून दिले, चांगले करून दिले, असे तिने आधी आवर्जून सांगितले. मग ती मोटारीच्या पाठीकडे बघत बोलत राहिली.

"हळद लावायच्या वक्ताला मी हितंच गोठ्यात हुतो. माझ्यासारखीनं म्होरं येऊ नये, म्हाईत हाय की. कुनी हाकललं न्हाय मला. जाताना पोरगी परसाकडं जातो म्हनून आली आनि गळ्यात पडली. तिचं लुगडं हळदीनं ओलं हुतं, माझं हात भरलं. मग मोटार हुबीच ऱ्हायली. ढकला, ढकला म्हनून समदी वराडाय लागली. त्या गर्दीत कोन कुनाकडं बघतंय? मी बी लावला हात. तिच्या लग्नात तेवडंच केलं बघा मी."

भावकूने मडगार्डवरची धूळ उगीच बोटाने पुसली.

"लेक आलती का म्हायेरला?"

"अजून न्हाय धाडली. धाडतील."

"मी काकतीवरनंच जानार हाय," भावकू म्हणाला. "गाडी रिकामीच हाय. बसा."

"बोलावनं न्हाय, काय न्हाय. कसं जायाचं?"

"बोलावनं कशाला? लेकीला बघायचं आनि माघारी फिरायचं. शिटा भरून जानाऱ्या वडापाच्या मोटारी सांजपातूर येत्यात निपानीला."

तिने एकदा रानाच्या वाटेकडे बघितले. मग हात धुतले, शेजारणीला काहीतरी सांगितले आणि चार भाकऱ्या नि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन आली. भावकूने मागचे दार उघडले. ती आत शिरली, पण गादीवर बसली नाही. खाली पाय ठेवायच्या जागेत अंग चोरून बसली.

"वर बसा की आक्का."

"ऱ्हाऊ द्या. हितं बरं हाय."

संकेश्वर मागे पडले. मग तिने हळूच विचारले, "कशानं काढलासा डाग?"

भावकूने सगळे सांगितले. सोडा, चिंच, ऊन. सोड्याने हात लाल झाला तेव्हा आपण कसे घाबरलो, तेही सांगितले.

"लाल झालता?"

"कुंकवागत."

भावकूने मान वळवून पाहिले. ती आपला तळवा मांडीवर उघडा ठेवून त्याच्याकडे बघत होती.

काकतीत मारुतीरावांचे घर रस्त्याला लागूनच होते. भावकूने मोटार दारातच थांबवली, बॉनेट उघडले आणि कट्ट्यावर बसलेल्या, अक्काताईच्या म्हाताऱ्या सासूला म्हणाला, "आवा, जरा पानी मिळंल का? इंजान तापलंय."

"अक्काताई, घागर घेऊन ये गं," म्हातारीने आत बघून हाक दिली.

हिरव्या चुड्याच्या हातात घागर घेऊन अक्काताई बाहेर आली. तिने ड्रायव्हरला ओळखले. मग काचेतून खालच्या बाजूला दिसणारे डोके तिला दिसले. तिने घागर जमिनीवर ठेवली.

मालुबाई उतरली. गल्लीतली चार माणसे मोटार बघायला गोळा झाली होती. म्हातारीने विहिणीकडे पाहिले, मोटारीकडे पाहिले. मग ती उठून कट्ट्यावरची घोंगडी झटकू लागली. "बसा," ती म्हणाली आणि आत चुलीकडे गेली.

मायलेकी मोटारीच्या आडोशालाच उभ्या राहिल्या. अक्काताईने आईची मनगटे धरली होती.

भावकूने घागर उचलली आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागला. रेडिएटर लवकरच काठोकाठ भरला. तरी तो मान खाली घालून बारीक धारेने ओतत राहिला, आणि पाणी खाली सांडून रस्त्याच्या तांबड्या धुळीत जिरत राहिले.